सोजराबाईच्या पातीतली आंबुटी

फोटोच्या सहा काचांपैकी चार शेषरावांनीच खाल्ल्या. वरवट बकालच्या आपल्या मळ्यात त्यांनी विहिरीवर नवं इंजिन बसवलं होतं आणि त्याच्याशेजारी उभं राहून त्यांना फोटो हवा होता. त्यासाठी मला, म्हणजे खामगावच्या गफ्फार फोटोवाल्याला, लाकडी कॅमेरा आणि तिपाई घेऊन बोलावलं. पहिल्या काचेला त्यांनी डोळे मिटले, दुसरीला शिंकले, तिसरीला इंजिनानं धूर सोडला. चौथी काय ती बरी. महाराष्ट्र होऊन दोन वर्षं झाली, विहिरींवर इंजिनं आली, पण कॅमेऱ्यापुढं माणूस अजून फाशी द्यायला आणल्यासारखाच उभा राहतो. सोळा वर्षं मी हीच तोंडं काढत होतो.

सामान आवरताना तिपाईचा एक पाय पाटाच्या चिखलात रुतला आणि कॅमेरा कांद्याच्या वाफ्यावर ओणवा झाला. शिव्या देतच मी काळ्या कपड्यात डोकं घातलं. मागच्या दुधी काचेवर काहीतरी पिवळं, धूसर हलत होतं. मी कॅमेऱ्याचा भाता पुरा बाहेर ओढला, आणि या अल्ला! काचभर पसरलेलं, उलटं लटकलेलं एक झाड. प्रत्येक देठावर तीन-तीन बदाम, पत्त्यांत असतात तसे, टोकाशी टोक जुळवलेले. मध्ये पाच पाकळ्यांचं पिवळं फूल. कपड्यातून बाहेर येऊन पाहिलं तर आंबुटी! पोरंसोरं आंबट लागते म्हणून चघळतात ती. नखाएवढं पान. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. सोळा वर्षांत एकाही नवरदेवानं तो आणला नव्हता.

पेटीतून पाचवी काच काढेपर्यंत ऊन तापलं. बघता बघता फूल मिटलं, पानं खाली दुमडली.

"उद्या सकाळी नऊ-दहाले उघडन," शेषराव हसत म्हणाले. "मातर बारा वाजेलोक पुन्हा मिटन. काऊन, तिले इंजिनापाशी उभी करता काय?"

हसू दे. मी मुक्काम ठोकला. बाकी मळ्यात दुसरी आंबुटी आहे का, तेही धुंडून आलो. एक नाही. याला कारण सोजराबाई. निंदणाऱ्या अकरा बायांची ती म्होरकी. पुढची पात, म्हणजे निंदणीची पहिली ओळ, तिची. तिच्या पातीत वीस वर्षांत कोणाला तणाची काडी सापडली नव्हती, आणि शेषराव हे खामगावच्या बाजारात सुद्धा सांगत फिरायचे. फक्त पाटाकडेचा हा वाफा निंदायचा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच मी तिथं कॅमेरा लावून बसलो. आंबुटी अजून मिटलेली. तेवढ्यात वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला बाया आल्या, ओळीनं बसल्या आणि खुरपी चालू झाली. माझं झाड नेमकं पहिल्या पातीत.

मी धावत गेलो. "सोजराबाई, तेवढं एक झाड राहू द्या. मले फोटो काढाचा हाये."

"कोन्तं झाड?"

"ते आंबुटीचं."

बाकीच्या साऱ्या बाया खदखदून हसल्या. त्यांच्यातली तानाबाई म्हणाली, "मायबाई! मानसं सरली काय वो भाऊ, फोटो काढाले?"

सोजराबाई मात्र हसली नाही. "थे तन हाये भाऊ. माह्या पातीत तन राहत नाई. तुम्हाले काढाचा तं मी येईलोक काढून घ्या. मी पोचली का खुरपं चालन."

आणि तिचा हात असा चालत होता की मला घाम फुटला. इकडे मी फुलाला मनातल्या मनात विनवत होतो, तिकडे खर्र खर्र आवाज जवळ येत होता. आठ वाजले, पानं जरा सैल झाली. नऊला एक पान उघडलं, मग दुसरं. बाया पंधरा हातांवर. साडेनऊला कळीचं टोक फाकलं. बाया सात हातांवर. मी काच सरकवली, भिंगाचं भोक बारीक केलं, झाकण उघडलं. एक, दो... आणि वारा आला. आंबुटी डोलायला लागली. पाचवी काच वाया.

मी डोकं वर काढलं तर सोजराबाई समोर. खुरपं रोपट्याच्या बुडाशी टेकलेलं.

"सरका भाऊ."

आता मी चिडलो. "उपटा! जरूर उपटा! पन वीस वर्षं जिले मारून राह्यल्या, तिचं तोंड तं एकदा पाहा!"

एवढ्या जोरात बोलायचं नव्हतं मला. सोजराबाईनं माझ्याकडे रोखून पाहिलं, खुरपं खाली ठेवलं, पदर खोचला आणि काळ्या कपड्यात डोकं घातलं.

मग आतूनच ती म्हणाली, "उलटं काऊन दिसते?"

"काचेवर तसंच दिसते, बाई."

ती बाहेर आली, वाकून रोपट्याकडे पाहिलं, पुन्हा आत गेली. "याच्या पानाले लव हाये," ती आतून सांगू लागली. "बारक्या लेकराच्या कानाले असते ना, तशी. अन् कडेले पान्याचा थेंब हाये. बाप्पा, बाप्पा! तानाबाई, ये इकडे! साऱ्याजनी या!"

मग काय, जत्राच. एकेक डोकं कपड्यात जात होतं आणि आतून "अगं माय" निघत होतं. माझा जीव टांगणीला लागला, कारण ऊन चढत होतं, काच एकच उरली होती आणि वारा थांबत नव्हता.

"वाऱ्याचं काय करू, सोजराबाई?" मी रडकुंडीलाच आलो.

"बसा वं!" तिनं हुकूम सोडला. "मांडीले मांडी लावा. पदर धरा."

आणि अकरा बाया आंबुटीभोवती गोल बसल्या. लुगड्यांचे पदर हातांत ताणून त्यांनी चहूबाजूंनी आडोसा केला, फक्त माझ्या भिंगापुरती आणि उन्हापुरती फट ठेवली. आत रोपटं एकदम स्थिर. फूल सताड उघडं. घाईत काच सरकवताना दोनदा अडली.

तेवढ्यात पाटाकडून गर्जना आली. "काय चालून राह्यलं हे? दहा वाजले! निंदन सोडून पूजा मांडली काय?" शेषराव तरातरा येत होते.

"मालक, तिथंच!" सोजराबाई मान न वळवता ओरडली. "तुमच्या पायानं वारा येईन. हलू नोका!"

शेषराव एक पाय पाटाच्या अलीकडे आणि एक पलीकडे असे जागच्या जागी थांबले. मी झाकण उघडलं. एक. दो. कोणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. तीन. झाकण बंद. पान हललं नव्हतं. माझ्या सोळा वर्षांच्या हाताला झाकण लावतानाच कळलं, फोटो आला. मी त्या चिखलात उडीच मारली, आणि बाया पदर सोडून हसत सुटल्या.

"झालं तुमचं?" सोजराबाई म्हणाली. "चला, पात धरा."

सगळ्या ओळीनं बसल्या. तिनं खुरपं उचललं. आंबुटीच्या अलीकडचं गवत काढलं, मग पलीकडचं काढलं, आणि ती पुढं सरकली. मागं स्वच्छ, काळ्याभोर वाफ्यात आंबुटी एकटीच उभी. तानाबाईनं ते पाहिलं. पुढच्या पातीवर तिचा कधीपासून डोळा होता, आणि बोलायला हाच मोका होता. ती बोलली नाही.

शेषरावांनी मात्र बोट दाखवलं. "सोजराबाई, हे राह्यलं."

"राह्यलं नाई मालक," ती खुरपं न थांबवता म्हणाली. "ठेवलं."

शेषरावांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्या पाठीकडे पाहिलं. मग धोतराचा सोगा हातात धरला आणि त्या रोपट्याला वळसा घालून ते विहिरीकडे गेले.