सून बसली की घसरणारी गाडी

आमच्या थोरल्याला एक खोड आहे. स्वतःचं काही बिनसलं की तो आधी आकाशाकडे बघतो आणि मग बायकोकडे. या खेपेला आकाशाने हात झटकले, म्हणून सगळं बायकोवर आलं.

त्या दिवशी आमच्या घराखालच्या चढावर अख्खी गल्ली लोटली होती. मधोमध आमची जुनी गाडी. माझ्या सासऱ्यांनी घेतलेली, क्लच नसलेली, आपली आपण गिअर बदलणारी. दोन महिने झाले, ती चढावर स्लिप मारायची. इंजिन बोंबलायचं, चाकं ढिम्म. तिच्यापुढे उभे होते थोरल्याने बोलावलेले मोटारबाबा, मंत्राने गाड्या बऱ्या करणारे. अंगात पांढरी कफनी, मनगटावर ताटलीएवढं घड्याळ. त्रिकाल जाणणाऱ्याला घड्याळ कशाला, असं मी विचारलं. पण गर्दीत ऐकतो कोण?

“हे यंत्र नाही, जीव आहे,” बाबा म्हणाले. “त्याला एका माणसाचा भार सोसत नाही. आत्ता दाखवतो.”

थोरला नुकताच गाडी घेऊन गावभर हिंडून आला होता. बाबांनी माझ्या सुनेला मागे बसवलं आणि थोरल्याला गाडी चढाला लावायला सांगितली. अर्ध्यावर इंजिन किंचाळलं आणि गाडी मागे सरकू लागली.

“अगंबाई! खरंच की!” शेजारीण म्हणाली. तिला एवढा आनंद मी कधी झालेला पाहिला नव्हता.

मग सुनेला उतरवलं. बॉनेटवर ओली चादर, त्यावर मंत्र, आणि सगळ्यांना तासभर मौन. तासाने थोरला एकटा बसला. गाडी सरसर वर! टाळ्या!

“चाळीस दिवस सूनबाईंनी या घरात राहू नये,” बाबांनी निकाल दिला.

थोरला बायकोला म्हणाला, “परवा तुला माहेरी सोडतो.” मग जरा थांबून, “म्हणजे... तू बसने जा.”

सून रडली नाही. रात्रीची भांडी आवरताना एवढंच म्हणाली, “आई, सकाळी मी कामाला बसने जाते. संध्याकाळी हे गावातली कामं उरकून मला घ्यायला येतात, तेव्हाच काय ती गाडीत बसते. चाळीस दिवसांनी मी परत आले आणि गाडी पुन्हा घसरली, तर?”

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे ही कायम तापलेल्याच गाडीत बसते! बाबांनीही हिला बसवलं तेव्हा गाडी कढत होती, आणि थोरल्याला बसवलं ते तासभर गार करून. तापलेला तवा आणि गार तवा यांत फरक असतो, हे कळायला मला शाळेत जावं लागलं नाही.

सकाळी थोरला घोरत होता. मी सुनेला म्हटलं, “चालवता येते ना? घे किल्ली.” आम्ही दोघी बसलो. माझा भार काही कमी नाही. गार गाडी मुकाट्याने चढ चढली, दोनदा.

दुसऱ्या दिवशी बाबा सुनेची पाठवणी बघायला हजर. गल्लीही हजर. मी आणखी एकाला बोलावलं होतं, गॅरेजवाल्या म्हाताऱ्या मिस्त्रीला.

“बाबांना आधी गावभर मिरवून आण,” मी थोरल्याला म्हटलं. “चांगला अर्धा तास.”

बाबा फुगून मागच्या सीटवर बसले. अर्ध्या तासाने गाडी चढाला लागली आणि बाबांसकट मागे घसरली.

बाबा खिडकीतून ओरडले, “कोणीतरी अशुद्ध मनाने बघतंय!”

“मी बघतेय,” मी म्हटलं. “उतरा खाली.”

मिस्त्रीने थोरल्याला विचारलं, “गिअरचं तेल बघितलं होतंस?”

“मी स्वतः! तेल मोजायच्या पट्टीवर फुल्ल होतं.”

“इंजिन बंद करून?”

“मग काय, चालू ठेवून?”

“हो, बाळा! या गाडीचं तसंच बघतात. बंद केली की वर फिरणारं तेल खाली उतरतं, आणि पट्टी फुल्ल दाखवते.”

गाडी सपाटीवर आणली. इंजिन चालूच. मिस्त्रीने पट्टी काढली, तर नुसतं टोक ओलं. गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅकिंगमधून तेल झिरपत होतं.

“तेल कमी, त्यात तापून पातळ झालेलं,” मिस्त्री म्हणाला. “चढावर ते मागे पळतं, पंप तेलाऐवजी हवा ओढतो, दाब पडतो आणि गिअर सुटतो. गार झाली की थोडा वेळ भागतं. मग आत सून बसो नाहीतर देव.”

या गडबडीत बाबा कधी पसार झाले, कोणाला कळलं नाही. त्यांचं ज्ञान एवढंच होतं, की एका वेळी दोन गोष्टी बदलायच्या आणि बोट एकीकडेच दाखवायचं. गाडी गार केली, माणूसही बदलला. लोकांना दिसला फक्त माणूस. तेव्हा चमत्कार दिसला की टाळी वाजवण्याआधी विचारा, आणखी काय बदललं? एवढं विचारायला पुस्तकं लागत नाहीत, जीभ लागते.

मिस्त्रीने पॅकिंग बदललं, तेल भरलं. संध्याकाळी तापलेली गाडी सुनेला आणि मला घेऊन तोऱ्यात चढ चढली. थोरला माझ्याजवळ येऊन पुटपुटला, “आई, झालं गेलं सोडून दे ना.”

“तेल बघायला चुकलास, तो अडाणीपणा. तो मिस्त्रीने घालवला,” मी म्हटलं. “पण बायकोला घराबाहेर काढायला निघालास, तो नालायकपणा. माझ्या कानाशी कुजबुजू नकोस. ती बघ, तिथे उभी आहे. जा, माफी माग. आणि मोठ्याने माग. आरोप गल्लीसमोर होऊ दिलास, माफीही गल्लीला ऐकू गेली पाहिजे.”