काजवाल्याची हजेरी

"एकेका टाक्याला वेगळी गाठ मारलीय की," मास्तर म्हणाले.

"अंगठा हलवू नका."

"आम्ही एकाच दोऱ्यात सगळं शिवतो. गाठ काय ती शेवटी."

"कापडाचं ठीक आहे हो. इथे एक टाका सुटला तरी बाकीचे राहायला हवेत." दवाखान्यातल्या ड्रेसरने चिमट्याने गाठ उचलली, खाली कात्रीचं टोक सारलं आणि काळा दोरा ओढून काढला. "आणि गाठ नेहमी एका बाजूला घ्यायची. जखमेवर आली तर टोचते. डॉक्टर असो नाहीतर नर्स, ज्याचा हात इकडे तयार झाला तो असाच बांधणार."

सहा टाके निघाले. मास्तरांनी ते ट्रेमध्ये ओळीने पडलेले पाहिले आणि काम नीट झालंय हे मनातल्या मनात कबूल केलं. डाव्या अंगठ्यावर एक गुलाबी रेघ राहिली होती. त्रेचाळीस वर्षं कात्री चालवलेल्या माणसाने भरदिवसा स्वतःचाच अंगठा कापावा, ही लाज त्या रेघेपेक्षा जास्त झोंबत होती.

"उजवा हात कधीपासून थरथरतोय?" ड्रेसरने विचारलं.

"कुठे थरथरतोय?"

"बरं," ड्रेसर म्हणाला आणि कागदावर दोन ओळी लिहिल्या. "हे डॉक्टरांना दाखवा." मास्तरांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि तो विषय तिथेच संपवला.

मास्तर एका लाँड्रीच्या कोपऱ्यात मशीन टाकून बसत. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, कंबर सैल करणं, एवढंच काम उरलं होतं. शर्टाचं बटण तुटलं तर लोक शर्टच टाकून देतात, हे त्यांचं जुनं दुखणं. गिऱ्हाइकं त्यांना 'ओ चेनवाले काका' म्हणत. घरी ते मुलाचे आणि सुनेचे बाबा होते, म्हणजे औषधं घेतली का आणि गीझर बंद केला का, एवढंच ज्यांना विचारायचं असतं ते. पण एक जागा अशी होती जिथे त्यांचा शब्द शेवटचा होता. तिथे ते 'काजवाला' होते.

त्या जागेचं नाव 'बटणडबा'. जुनी बटणं जमवणाऱ्यांचा इंटरनेटवरचा फोरम, एकोणीस वर्षांचा. भरात होता तेव्हा तिथे पावणेदोनशे माणसं होती आणि हाड की हस्तिदंत यावरून आठवडा आठवडा हमरीतुमरी चाले. खरी नावं कुणी सांगत नसे, फोनही करत नसे. फक्त नवा माणूस आला की प्रत्येक जुना सदस्य त्याला टपालाने एक बटण पाठवी आणि नव्याने ती सगळी एका पुठ्ठ्यावर शिवून ठेवायची, हा रिवाज होता.

दुसरा रिवाज हजेरीचा. रोज एक बटण पांढऱ्या कापडावर स्वतः शिवायचं आणि त्याचा फोटो टाकायचा. सुटं बटण चालत नसे. सुरुवातीला काही महाभाग दुसऱ्यांचे फोटो उचलून आपले म्हणून खपवत, म्हणून हा नियम आला. शिवलेलं म्हणजे हातात असलेलं. मास्तर बारा वर्षांत एकदाही चुकले नव्हते. बायको गेली त्या दिवशीसुद्धा संध्याकाळी त्यांनी तिच्या स्वेटरचं बटण लावलं होतं.

मग माणसं गळत गेली. कुणाला मोबाईलवर दुसरीकडे करमायला लागलं, कुणी भांडून गेलं, बरेचसे न सांगता गेले. आता पाच राहिले होते: काजवाला, घड्याळजी, कंडक्टर, शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई आणि सिस्टर. डब्याच्या चाव्या सिस्टरकडे होत्या. कुणाचंही खातं तिला उघडता येई; पासवर्ड कुणी विसरला की ती नवा करून देई. जागा देणाऱ्या कंपनीचा नियम असा की महिनाभर पाचांपेक्षा कमी लोक लिहिते असले तर फोरम बंद, आतलं सगळं पुसलं जाणार. एकोणीस वर्षांचे फोटो, वाद, चेष्टा, सगळं पाच माणसांच्या हजेरीवर तोलून होतं.

आणि मास्तर बारा दिवस गैरहजर होते. टेलरमास्तरने अंगठा कापला हे कुणाला सांगणार, म्हणून त्यांनी कॉम्प्युटर उघडलाच नव्हता. दवाखान्यातून परतताना ते वाटेत माफीची वाक्यं जुळवत होते. घड्याळजी टोमणा मारणार, मोठ्या बाई कारण लेखी मागणार आणि सिस्टर काळजीने विचारणार की बरे आहात ना. त्या काळजीची त्यांना थोडी हावही होती, खोटं कशाला बोला.

त्यांनी लॉगिन केलं. कुणी काहीही विचारलं नव्हतं.

काजवाल्याची हजेरी रोज लागलेली होती, पहिले चार दिवस सोडून. आठ फोटो, आठ बटणं. खाली त्यांच्याच थाटात लिहिलेलं: 'चार भोकं दिली आहेत ती चारही वापरावीत, दोनांवर भागवू नये.' हे ते नेहमी म्हणत. त्यावर घड्याळजींनी लिहिलं होतं, 'ऐका, आले उपदेश करायला.' कंडक्टरने नेहमीसारखं 'पुढे सरका' म्हटलं होतं.

मास्तरांनी सगळं पुन्हा एकदा वाचलं. त्यांनी सुनेला हाक मारली.

"तू माझ्या कॉम्प्युटरला हात लावलास?"

"मी कशाला लावू, बाबा?" सून ओले हात पुसत आली आणि वाकून वाचायला लागली. तिला हसू आलं. "तुम्हीच तर लिहिलंय. हे भोकांचं आम्ही रोज ऐकतो."

"मी नाही लिहिलेलं."

"मग विसरला असाल," ती मऊ आवाजात म्हणाली. तो मऊपणा मास्तरांना मुळीच आवडला नाही.

ती गेल्यावर त्यांनी फोटो मोठा केला. चार भोकं, फुलीचा टाका. इथवर बरोबर. पण फुलीच्या दोन्ही पायांना वेगवेगळी गाठ होती, आणि दोन्ही गाठी उजव्या अंगाला सारलेल्या. तासाभरापूर्वी त्यांनी तशाच सहा गाठी ट्रेमध्ये पाहिल्या होत्या.

त्यांनी घड्याळजींचा फोटो उघडला. वेगळ्या गाठी, उजवीकडे. कंडक्टर, तेच. मोठ्या बाई, तेच. मग ते मागे मागे जात राहिले. घड्याळजी एवढं आवळून शिवत की कापडाला चुण्या पडत. कंडक्टर दोऱ्याचं शेपूट लांब ठेवी. मोठ्या बाईंचे टाके कवायतीला उभे केल्यासारखे सरळ. हे सगळं जुन्या फोटोंत जिथल्या तिथे होतं. दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी घड्याळजींच्या कापडावरच्या चुण्या गेल्या. मागच्या उन्हाळ्यात कंडक्टरचं शेपूट गेलं. त्यानंतर महिन्याभरात मोठ्या बाई. दोन वर्षं हे फोटो रोज डोळ्यांखालून जात होते आणि टाक्यांत ज्याचं आयुष्य गेलं त्याला दिसलं नव्हतं, कारण तो बटणं बघत होता.

गाठी पहिल्यापासून फक्त एकाच सदस्याच्या होत्या. सिस्टरच्या.

मास्तर उठले, खोलीचं दार लावून घेतलं आणि परत येऊन बसले. त्यांना भीती वाटत होती, आणि भर दुपारी, बाहेर कुकरच्या शिट्ट्या होत असताना वाटत होती. डब्यात दोनच माणसं उरली होती, आणि त्यातल्या एकीने दुसऱ्याला मेलेल्यांत जमा केलं होतं.

मी आहे, हे सांगायचा त्यांना एकच मार्ग माहीत होता. त्यांनी एक शिंपल्याचं बटण घेतलं, सुई घेतली. दोरा ओवायला सात वेळा लागलं. डाव्या अंगठ्याने बटण धरवत नव्हतं, उजव्या हाताची सुई नको तिथे उतरत होती. फुली झाली, पण तिरकी. त्यांनी तसाच फोटो टाकला. खाली लिहिलं, 'हजर.'

दहा मिनिटांत मोठ्या बाईंचं उत्तर आलं: 'टाका ढिला. हे काजवाल्यांचं काम नव्हे.'

पाठोपाठ सिस्टरचा खासगी निरोप: 'आपण काजवाल्यांचे चिरंजीव का? आपल्या दुःखात सहभागी आहे. मात्र त्यांचं खातं कृपया वापरू नये. घड्याळजींच्या मुलानेही असंच केलं होतं आणि सगळं पुसून टाकू का म्हणून विचारलं होतं.'

मास्तरांना हसू फुटलं. मग ते हसणं कुठेतरी मध्येच थांबलं. त्यांनी एका बोटाने टाइप केलं, 'मी काजवालाच आहे. अंगठा कापला होता.'

'मग सांगा, तुम्ही आलात तेव्हा मी कोणतं बटण पाठवलं होतं?'

मास्तरांनी कपाटावरून पुठ्ठा काढला. पावणेदोनशे बटणं, वर धूळ. तिसऱ्या ओळीत ते सापडलं. 'पांढरं, युनिफॉर्मचं. कडेला टवका उडालेला. निवृत्तीच्या दिवशी तोडून ठेवलं होतं असं तुम्ही चिठ्ठीत लिहिलं होतं.'

मास्तरांनी पुठ्ठ्यावरची धूळ बाहीने पुसली. मग उत्तर आलं.

'माफ करा, काजवाले. बारा वर्षांत तुम्ही एक दिवस चुकला नव्हता. चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी तुम्हालाही गेलेल्यांत धरलं. वॉर्डात काढलेली वर्षं आहेत, माणूस परत येणार की नाही हे मला कळतं असं मला वाटायचं. घड्याळजी दोन वर्षांपूर्वी गेले. कंडक्टर मागच्या उन्हाळ्यात. मोठ्या बाई आहेत, पण बटण दिसलं की तोंडात घालतात, असं त्यांची भाची म्हणते. पाचांच्या खाली आलो की डबा जाणार. म्हणून मी एकेकाची हजेरी लावत गेले.'

'मग दोन वर्षं मी भांडत कुणाशी होतो?'

'माझ्याशी.'

'शिंपल्याच्या बटणावरून घड्याळजींनी मला आठ दिवस छळलं.'

'ते असते तर हरले नसते. मग मी कशी हरणार?'

मास्तरांना राग आला, आणि खरं सांगायचं तर त्या आठ दिवसांची आठवण येऊन बरंही वाटलं. बायको गेल्यानंतर इतकं मनापासून त्यांच्याशी कुणी भांडलं नव्हतं. हे बंद करा, असं लिहायला त्यांनी बोट उचललं आणि तसंच धरून ठेवलं. बंद झालं तर ते काय उरणार होते? चेनवाले काका.

तेवढ्यात तिचाच निरोप आला. 'हात हलतोय तुमचा. फोटोत दिसलं. किती दिवस?'

ड्रेसरला दिलं नव्हतं ते उत्तर त्यांनी तिला दिलं. 'वर्ष झालं. एवढ्यात वाढलंय.'

'मग एक काम करा. चालतोय तोवर नमुना करून पाठवा. तुमच्या नावाने शिवायला जाते तर टाक्यात माझीच गाठ येते. पुढे कुणाच्या लक्षात यायला नको.'

कुणाच्या, असं विचारावंसं त्यांना वाटलं. विचारलं नाही.

नमुन्याला नऊ दिवस लागले. रोज सकाळी, हात त्यातल्या त्यात शांत असताना, एक बटण. सून दोरा ओवून देई आणि कशासाठी ते विचारत नसे. नऊ बटणं झाल्यावर त्यांनी चिठ्ठी लिहिली, शिकाऊ कारागिराला समजावून सांगावं तशी. दोरा दुहेरी. सुई खालून वर, डावीकडच्या वरच्या भोकातून. फुली दोनदा, तिसऱ्यांदा नाही. बटणाखाली दोऱ्याचे तीन वेढे, म्हणजे काजात बसायला जागा राहते. गाठ मागच्या बाजूला, दिसता कामा नये. शेपूट नखाएवढं, डाव्या अंगाला. शेवटी त्यांनी लिहिलं, 'काजवाल्याला फार उपदेश करायला लावू नका, कमी केलेत मी हल्ली,' आणि पाकीट स्वतः टपालात टाकून आले.

त्यानंतर आठवडाभर ते हजेरी लावत होते. तिरकी का होईना, स्वतःची. मोठ्या बाई रोज टाक्याला नावं ठेवत आणि मास्तर त्यांना रोज उलट बोलत. त्या भांडणात पलीकडे कोण आहे हे दोघांनाही ठाऊक होतं आणि त्यावर दोघंही एक अक्षर लिहीत नव्हते.

मग एका सकाळी दोरा ओवलाच जाईना. सून बाजारात गेली होती. मास्तरांनी सुई खिडकीच्या उजेडात धरली, टेबलावर कोपर टेकून धरली, दोन्ही गुडघ्यांत मनगट दाबून धरली. जरा वेळाने बघू म्हणून त्यांनी कॉम्प्युटर लावला.

काजवाल्याची हजेरी साडेसातलाच लागली होती.

काळं, चार भोकांचं, कोटाचं बटण. मास्तरांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. वेगळी गाठ नव्हती. फुली दोनदा. बटण कापडापासून तीन वेढ्यांइतकं उचललेलं. शेपूट नखाएवढं, डावीकडे. त्यांनी स्वतः असा टाका दहा वर्षांपूर्वी घातला असेल. खाली घड्याळजींनी लिहिलं होतं, 'वा, काजवाले. हात पुन्हा बसला.'

दाराशी पिशव्या ठेवल्याचा आवाज आला. सून आत डोकावली. "बाबा, द्या, ओवून देते. राहिलीय ना हजेरी?"

"लागली," मास्तर म्हणाले, आणि बिनदोऱ्याची सुई त्यांनी सुयांच्या उशीत टोचून ठेवली.