स्क्रीन नऊ ते बावीस

श्यामलालची बायको धनवंता गेल्याला साडेचार महिने झाले होते, आणि हिमांशूने आता स्पष्टच सांगितलं की गाईड बदलायचं.

हिमांशूची छोटी कंपनी गोंदियात राईस मिलसाठी सॉफ्टवेअर बनवायची. धानाचा ट्रक गेटवर आला की त्याची नोंद, धर्मकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर, झालेलं वजन, ओलावा, किती कट्टे म्हणजे पोती, गोदाम, सगळं त्यात असे. ते शिकवायला मिलमध्ये कोणी जाऊन बसत नसे. सॉफ्टवेअरमध्येच सराव होता. त्यात एक खोटा ट्रक येई, बटणाशेजारी पिवळी चौकट उघडे, ‘आता इथे दाबा’ म्हणे, आणि माणूस दाबत दाबत शिके. अशा बावीस स्क्रीन होत्या. ऑफिसात त्याला गाईड म्हणत. ते श्यामलालने केलं होतं.

“गाईड ठीक आहे तर फोन कायले येतात, श्यामलालजी?” हिमांशू म्हणाला. “रोज वही सवाल. नागपूरचा एक जण आहे, व्हिडिओवालं बनवून देतो. एकदम नवीन.”

“लोक वाचत नाहीत म्हणून फोन येतात. गाईड तपासलेलं आहे. एकेक स्क्रीन. धनवंतानं केली होती सगळी.”

हिमांशू गप्प झाला. गेलेल्या बाईचं नाव काढलं की समोरचा गप्प होतो, हे श्यामलालला आता माहीत झालं होतं. त्याचा फायदा घ्यायचं त्याच्या मनात नव्हतं, पण घेतला गेला.

“एकदा मिलमध्ये लोकांना बसवून पाहा,” तो म्हणाला. “मी तोंडातून शब्द काढणार नाही. शेवटपर्यंत गेले तर गाईड आहे तसं राहील. नाही गेले तर द्या नागपूरले.”

“डन,” हिमांशू म्हणाला.

श्यामलालला गाईडचा अभिमान होता असं नाही. दुसरा कोणी त्याला हात लावेल, हे त्याला सहन होणार नव्हतं. घरातल्या धनवंताच्या वस्तू हळूहळू जागा सोडत होत्या. साड्या तिच्या बहिणीने नेल्या, शिलाई मशीन शेजारच्या आचलने मागून नेली. दोघांनी मिळून केलेलं असं हे एकच काम उरलं होतं, आणि ते अजून चालू होतं.

धनवंता कामठ्याची, सातवी शिकलेली. मुर्री गावातल्या घरी रविवारी जेवणं आटोपली की श्यामलाल लॅपटॉप लावायचा, ती समोर बसायची आणि तो तिच्या मागे. नियम तिनेच घातला होता.

“तुम्ही बोलू नका. तुम्ही बोलले का मंग सोपंच वाटते.”

मग तो बोलत नसे. जिथे तिचा हात माऊसवर थांबे, तिथे वहीत खूण करी. खूण झाली की त्या जागी चौकट टाकी. ती जिथे थांबली नाही तिथे चौकट नाही. पहिल्या आठ स्क्रीनला त्यांना पाच रविवार लागले.

“काहो, हा ट्रक दर रविवारी येऊन राहिला,” ती एकदा म्हणाली होती. “पण एक कट्टा आपल्या घरी उतरला नाही.”

“तो खोटा आहे.”

“म्हणूनच म्हटलं, येवढा वेळेवर कसा काय येते!”

मिलमध्ये तिघांना बसवलं. काट्यावर बसणारी निर्मलाबाई, गोदामाचे केवळराम आणि गेटवरचा विक्की. तीन टेबलं, तीन कॉम्प्युटर. हिमांशू दाराजवळ खुर्ची टाकून बसला. श्यामलाल तिघांच्या मागे वही घेऊन उभा राहिला.

सुरुवात चांगली झाली. चौकट उघडे, हात तिकडे जाई. ओलाव्याचा आकडा कुठे टाकायचा तिथे केवळराम घुटमळले, तेवढ्यात चौकट आली.

“अरे, याले माझ्या मनातलं समजते,” केवळराम म्हणाले.

“तुमच्या मनात हायेच काय, बुढाजी? जेवणाची सुट्टी,” विक्की म्हणाला.

“तू आपला ट्रक पाह्य. नाहीतर भिंतीत घालशील.”

निर्मलाबाई हसली. हिमांशूही हसला, आणि त्याने श्यामलालकडे पाहून मान हलवली. श्यामलालने मान खाली घातली. ज्या ठिकाणी धनवंता अडली होती, त्याच ठिकाणी हे तिघे अडत होते, आणि तिथे तिची चौकट उभी होती. साडेचार महिन्यांत पहिल्यांदा त्याला कोणीतरी सोबत असल्यासारखं वाटलं.

आठवी स्क्रीन झाली. नववी आली.

नवव्या स्क्रीनवर ट्रक रिकामा होऊन परत काट्यावर येतो. रिकाम्या ट्रकचं वजन त्याच जुन्या नोंदीत टाकायचं असतं. निर्मलाबाईने ‘नवीन ट्रक’ दाबलं. सॉफ्टवेअरने नंबर मागितला, तिने तोच नंबर टाकला. ‘हा ट्रक आधीच आत आहे’ असं लाल अक्षरांत आलं. तिने परत दाबलं. परत लाल.

केवळरामांचंही तेच झालं.

“आता ट्रक हाये कुठे मंग?” ते म्हणाले. “आत का बाहेर?”

निर्मलाबाईने मागे वळून पाहिलं. “भाऊ, बोला ना काही. मुके झाले का?”

श्यामलाल बोलला नाही. शब्द दिला होता. रोजचे फोन याच गोष्टीसाठी येत होते. इथे चौकट नव्हती. नवव्यापासून शेवटपर्यंत कुठेच नव्हती, कारण धनवंता तिथे कुठेच थांबली नव्हती. वहीत त्याने स्वतःच्या हाताने तसं लिहिलं होतं.

“झालं माझं!” विक्की ओरडला.

त्याच्या स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत ‘शाबास, सराव पूर्ण झाला’ असं आलं होतं.

“कसं रे?” केवळरामांनी विचारलं.

“हे खाली ‘पुढे’चं बटण हाये ना. दाबत जा, दाबत जा. ते काही विचारत नाही.”

ते बटण श्यामलालनेच ठेवलं होतं. ज्याला एखादी स्क्रीन येते त्याचा वेळ जाऊ नये म्हणून.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले. श्यामलालने आपला लॅपटॉप उघडला. सरावाची नोंद आपोआप राहत असे: कोण बसलं, कोणत्या वेळी काय दाबलं. ती पाहायची गरज त्याला कधी पडली नव्हती, कारण तो मागे बसलेला असायचा. पोळ्याच्या आधीचा रविवार त्याने शोधून काढला.

त्या दिवशी उजळणी म्हणून धनवंताने पहिल्यापासून सुरुवात केली होती. आठ स्क्रीनला पंचावन्न मिनिटं आणि बावीस चुका. त्यानंतर अकरा मिनिटं काहीच नाही. मग ‘पुढे’. चौदा वेळा ‘पुढे’. एकोणीस सेकंदांत.

ती अकरा मिनिटं त्याला आठवली. हिमांशूचा फोन आला होता आणि तो बोलायला अंगणात गेला होता. परत आला तेव्हा स्क्रीनवर ‘शाबास’ होतं आणि ती दाराची चौकट धरून उभी होती.

“समजलं मले सगळं,” ती म्हणाली होती. “आता पडते जराशी.”

आणि तो खूश झाला होता. आधीच्या स्क्रीनवर मेहनत घेतली म्हणून पुढचं सोपं गेलं, असं त्याला वाटलं. ती आत भिंतीकडे तोंड करून पडलेली असताना त्याने हिमांशूला परत फोन लावून सांगितलं, की पुढच्या चौदा स्क्रीनवर बायकोने एकही चूक केली नाही. पोळा झाला आणि दोन आठवड्यांत दवाखाना सुरू झाला. पोटात गाठ होती, जुनी होती. कधीपासून दुखते असं डॉक्टरने विचारलं, तेव्हा ती नवऱ्याकडे पाहून म्हणाली होती, “आताच, बाप्पा.”

निर्मलाबाई डबा धुऊन आत आली. “जेवले नाही, भाऊ?”

“हाव. जेवतो.”

ती डबा पिशवीत ठेवून परत बाहेर गेली.

मग हिमांशू आला. त्याने खुर्ची ओढली. तो वाईट माणूस नव्हता.

“देखो श्यामलालजी, आठपर्यंत मस्त चाललं. पुढे दो-तीन चौकटी टाका, बस. भाभीने चेक केलं होतं म्हणजे ठीकच असेल. इन लोगों को ही नहीं समझा. नागपूरचं राहू देऊ.”

एवढंच हवं होतं. गाईड राहत होतं, तिचं नावही राहत होतं. ‘हो’ म्हणायचं आणि लॅपटॉप बंद करायचा.

“द्या नागपूरले,” श्यामलाल म्हणाला.

“अरे, काऊन?”

“तपासलेलं नाही.”

हिमांशूला काही कळलं नाही, पण त्याने वाद घातला नाही. नागपूरच्या माणसाला काम सोपवायचं तर एक कागद लागणार होता. कोणती स्क्रीन कोणासमोर तपासली, कधी, किती चौकटी. दोन दिवसांनी श्यामलाल तो कागद घेऊन ऑफिसात गेला. त्याने तो टाईप केला नव्हता, हाताने लिहिला होता.

हिमांशूने उभ्या उभ्या वाचला.

स्क्रीन एक ते आठ: धनवंता. चौकटी एकतीस.

स्क्रीन नऊ ते बावीस: कोणी नाही.

“पर आपने तो बोला था, भाभीने सगळं केलं.”

“हाव,” श्यामलाल म्हणाला. “मी बोललो होतो.”