खजुराची साखर एकशे एक

भर रमजानात रिसानी गावचा मंगळवारचा बाजार भरला होता, पण झुंबड उडाली होती ती बुअज्जा नावाच्या फेरीवाल्याच्या मोबाइलपाशी.

"सुई नको, रक्त नको, डॉक्टरची कटकट नको! कॅमेऱ्यावर बोट ठेवा, साखर पडद्यावर! पाच दिरहम, दुआ फुकट!"

बोट टेकलं की पडदा लाल व्हायचा, आकडा उमटायचा आणि लोक "सुभानल्लाह!" म्हणून माना डोलवायचे.

खजूर विकणारी म्हातारी तामू, मानानं तिला 'लल्ला' म्हणत, गेल्या मंगळवारी इथेच भुलली होती. दवाखान्यातला डॉक्टर बेन्नीस बोलायचा फाडफाड फ्रेंच. तिला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण विचारायची लाज. ती प्रत्येक वाक्याला "वाखा, वाखा" म्हणून होकार द्यायची आणि डॉक्टर समजायचा, बाईला सगळं उमगलं. बुअज्जा निदान तिच्या भाषेत बोलला होता, "एकशे तीन! इन्शुलिन सोडा, खुशाल रोजे धरा." तिनं तसंच केलं होतं.

आज तिला एका गाढवाची दोन दिसत होती. रोज्यानं घसा सुकतो हे खरं, पण गाढवं कशी वाढतील? तिनं पुन्हा बोट टेकवलं.

"एकशे तीन! माशाल्लाह, तरण्याताठ्या आहात, लल्ला!"

"होय का?" तामूनं टोपलीतला टपोरा खजूर कॅमेऱ्यावर ठेवला.

पडदा लाल झाला. साखर एकशे एक, नाडी बहात्तर.

"अगं बाई! हा तर माझ्याहून ठणठणीत!"

"त्या... त्या फळातही बरकत आहे," बुअज्जा चाचरला.

"बरकत असेल रे, पण नाडी कुठून आली?"

रांगेतल्या शिक्षिका झोहरानं मोबाइल हिसकावला आणि तळाची बारीक फ्रेंच अक्षरं वाचली. "'केवळ करमणुकीसाठी. आकडे पंच्याण्णव ते एकशे दहा, मनमानी.' अहो, खेळ आहे हा! कॅमेऱ्यावर दगड ठेवलात तरी हेच येईल."

बाजार खो खो हसला, तेवढ्यात बुअज्जा गर्दीतून सटकला. तामूही हसली आणि मग म्हणाली, "अगं, मी तर याच्या आकड्यावर इन्शुलिन सोडलं!" झोहरानं तिला तडक दवाखान्यात नेलं. सुईनं खरं सांगितलं, चारशे बारा.

डॉक्टरची फ्रेंच सुरू झाली. तामूच्या ओठांवर "वाखा" आलंच होतं, ते तिनं गिळलं.

"थांब, बाळा. मला यातलं काही कळत नाही. कधीच कळलं नव्हतं."

डॉक्टरनं पेन खाली ठेवून अरबीत विचारलं, "मग इतकी वर्षं हो हो का म्हणत होतात, लल्ला?"

"तू तरी कधी विचारलंस?"

तो ओशाळला. खुर्ची जवळ ओढून त्यानं इन्शुलिनपासून रोज्यांपर्यंत सगळं घरच्या अरबीत सांगितलं आणि तिच्याकडून परत वदवून घेतलं.

बाबांनो, एक बुअज्जा पळाला तरी दुसरा येईल, नवा मोबाइल घेऊन येईल. समोर यंत्र असो की डॉक्टर, कळेपर्यंत विचारा. न विचारता मान हलवायची, तर तुमच्यापेक्षा तो खजूर बरा. त्याच्याकडे निदान गमवायला जीवच नव्हता.