ऑनच्या पानावरची पेन्सिल

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे, मित्रांनो. जाडजूड, कापडी बांधणीचा आणि खरे सांगायचे तर थोडा गर्विष्ठ. छापखान्यातून निघालो तेव्हा वाटायचे, जगातले सगळे इंग्रजी माझ्याच पोटात आहे. हा ताठा बाईंच्या घरी उतरला.

बाई शाळेत शिकवायच्या, पण रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलाभोवती मोठ्या माणसांचा इंग्रजीचा वर्ग घ्यायच्या. बसड्रायव्हर, दवाखान्यातल्या मावशी, लिफ्ट दुरुस्त करणारा. सगळ्यांचे घोडे एकाच इवल्याशा शब्दापाशी पेंड खायचे: ऑन. मी ऐटीत 'वर' असा अर्थ सांगून मोकळा झालो होतो.

"टेबलावर कप, हे समजलं," ड्रायव्हर वैतागून म्हणाला. "पण घड्याळ भिंतीला टांगलंय, माशी छताला उलटी चिकटलीय, तेही ऑनच? आणि दिवा लागला तरी ऑन?"

बाई हसल्या. "अर्थ पाठ करू नका. तो कुठे कुठे भेटतो ते बघा आणि आपापल्या कामावरून घेऊन या."

तेव्हापासून प्रथाच पडली. ज्याला नवे ऑन सापडेल, त्याने ते माझ्या समासात पेन्सिलीने, स्वतःच्या हाताने लिहायचे. मावशींनी 'पेशंट ऑन ऑक्सिजन' लिहिले, लिफ्टवाल्याने 'ऑन थर्ड फ्लोअर'. ड्रायव्हर महिनाभर हात हलवत आला. मग एका रविवारी त्याने जिभेचे टोक बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत 'ऑन टाइम' लिहिले. आयुष्यातले पहिले इंग्रजी! बाईंनी टाळ्या वाजवल्या. तोवर मला कोणी इतक्या प्रेमाने मळवले नव्हते.

पुढे बाई थकल्या, वर्ग बंद पडला, फोनमध्येच शब्दकोश आले. माझी रवानगी संगणकाच्या पडद्याखाली झाली, त्याची उंची वाढवायला. सात वर्षे ते ओझे मुकाट्याने वाहिले.

परवा शाळेच्या ग्रंथालयाने जुनी पुस्तके मागितली. अट एकच, आत काही लिहिलेले नको. बाईंची नात मोठी गुणी. आजीला न विचारताच खोडरबर घेऊन बसली आणि सुरुवात केली ती नेमकी त्याच पानावर. 'ऑन टाइम' गेले. मी ओरडलो असतो, पण पुस्तकाला तोंड कुठे?

बाईंनी कोरी जागा पाहिली आणि तिच्यावरून बोट फिरवले. "अगं, हे त्याचं पहिलं इंग्रजी होतं गं."

"मी परत लिहिते ना आजी, अगदी तस्सं!" नात रडकुंडीला आली.

"तुझं अक्षर छानच आहे, बाळा. पण ते त्याचं नाही."

नात उठली ती थेट बसडेपोत गेली आणि विचारत विचारत त्याचा पत्ता घेऊन आली. रविवारी ड्रायव्हर काठी टेकत आला. त्याने पुन्हा 'ऑन टाइम' लिहिले. खाली आणखी एक ओळ घातली, 'ऑन टॅबलेट्स'.

"बाई, ड्युटी सुटली. आता गोळ्यांवर गाडी चालते!"

सगळे हसले. बाई डोळे पुसत हसल्या.

मित्रांनो, जुने पुस्तक जरूर स्वच्छ करा. पण पुसण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा, हे अक्षर कोणाचे? आमच्या ड्रायव्हरला परत बोलावता आले. लिहिणाऱ्या प्रत्येकाला असे परत बोलावता येत नाही.