बिनझाकणाच्या बरणीतले दिवस

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे आणि मला झाकण नाही. त्यामुळे तोंड बंद ठेवायचा प्रश्नच मिटला. बसा जवळ, सगळं सांगते. फक्त मधेच काही विचारू नका, मग माझी गाडी भलतीकडेच जाते.

माझा जन्म भट्टीतला. एका कारागिरानं नळीतून फुंकर मारली आणि मी फुगत गेले. तो फुंकता फुंकता हसला असणार बहुतेक, कारण माझ्या पोटात डावीकडे एक बुडबुडा तसाच राहून गेला. अजून आहे. ऊन आलं की त्यात एवढंसं इंद्रधनुष्य दिसतं. बाकीच्या बरण्या एकसारख्या, मी जरा वेगळी. तेव्हापासूनच थोडी शिष्ट आहे मी.

पहिली नोकरी मिळाली ती गोळ्यांच्या दुकानात. काय दिवस होते, मित्रांनो. मुलं माझ्या काचेला नाक लावून उभी राहायची आणि ती गेली की माझ्यावर नाकांचे ठसे. दुकानदार ते पुसायचा आणि कौतुकानं म्हणायचा, "ही बरणी दिसली की गिऱ्हाईक थांबतंच." मग एके दिवशी माझं झाकण फुटलं, गोळ्यांना मुंग्या लागल्या, आणि कौतुक गेलं मुंग्यांच्या मागे. मला गल्ल्याखाली ढकललं. पोटात गंजके खिळे आणि एक न चालणारं घड्याळ. किती काळ गेला कोण जाणे. पोटातलं घड्याळच बंद होतं, मोजणार कशावर?

तिथून मला बाहेर काढलं माऊनं. साबण घ्यायला आली होती, खाली वाकली आणि म्हणाली, "ही देता का? झाकण नसलं तरी चालेल. उलट बरंच, पोरांची बोटं चेमटणार नाहीत."

आता माऊ कोण, ते सांगते. माऊ म्हणजे मुलं सांभाळणारी मावशी. आई-बाबा कामाला गेले की त्यांची पिल्लं दिवसभर माऊकडे. एका बोबड्या पोरानं मावशीचं माऊ केलं आणि तेच चिकटलं. तिचा नवरा शिंपी. पुढच्या खोलीत त्याचं मशीन खडखडतं, आतल्या खोलीत मुलं खडखडतात. दोन खोल्यांच्या मधे दार, दाराशी एक बुटकी फळी, आणि त्या फळीवर मी.

पोटात काय? बटणं. शिंप्याच्या घरात बटणांना काय तोटा. माऊकडे नवीन मूल आलं की शिंपीकाका बटणांचा डबा पुढे करायचे आणि मूल आपलं बटण निवडायचं. ढब्बूचं निळं, मोठ्ठं, कोटाचं. जुळ्यांची दोन पांढरी, एक दोन भोकांचं आणि एक चार भोकांचं. रोज सकाळी दारातून आत आलं की डब्यातून आपलं बटण घ्यायचं आणि माझ्यात टाकायचं. टण्. आला म्हणजे आला. महिना संपला की माऊ चादरीवर मला उपडी करायची, मुलं रंगांचे ढीग लावायची, आणि जितकी बटणं तितक्या दिवसांचे पैसे. त्याआधी म्हणे "आमचा त्या बुधवारी नव्हताच आला हो," "अहो आला होता, माझ्या अंगावर दूध सांडलंन् त्यानं," असं दर महिन्याला चालायचं. मी आले आणि सगळे गप्प झाले. आईबाप म्हणायचे, "बरणी म्हणेल ते." ऐकून मी अशी चमकायचे की काय सांगू.

आणि मग आली भिंगरी.

भिंगरी एका जागी उभी म्हणून राहायची नाही, म्हणून भिंगरी. वय चारच्या आसपास, तोंड चाळिशीतलं. तिनं डब्यातून लाल बटण निवडलं, गोळीसारखं चकचकीत, आणि आधी चाटून बघितलं. तिची आई दवाखान्यात नर्स. दिवस ठरलेले होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार भिंगरी यायची, लाल टण् व्हायचं, सगळं कसं छान सुरळीत.

एका महिन्यात नर्सताईंच्या ड्युट्या बदलल्या. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी, कधी ऐनवेळी सुट्टी. त्या दारातूनच ओरडायच्या, "मावशी, उद्या नाही, परवा." मग सकाळी पुन्हा यायच्या, "मावशी, परवा नाही, आजच ठेवता का?" माऊ म्हणायची, "ठेवा की." कधी माऊ भिंगरीची गादी घालून, तिचं ताट मांडून वाट बघायची आणि निरोप यायचा, आज सुट्टी मिळाली. ते जेवण शिंपीकाकांच्या पोटात जायचं. काका म्हणायचे, "भिंगरीच्या सुट्टीनं माझा पट्टा एक भोक पुढे गेला."

पण माऊकडे भिंगरीचे दिवस आता कमी झाले होते, आणि ते भिंगरीला मुळीच पटलं नव्हतं. घरी रात्रपाळी करून आलेली आई झोपलेली, आवाज करायचा नाही. इकडे जुळे, ढब्बू, आणि चादरीचा तंबू. तुम्हीच सांगा.

आता नीट ऐका, कारण हे फक्त मी बघितलंय. एका सकाळी भिंगरी आली, लाल बटण टाकलं, टण्. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि अजून एक टाकलं. टण्. मला वाटलं चुकलं असेल. काही दिवसांनी पुन्हा तसंच. मी बुडबुड्यापासून तळापर्यंत खणखणले, पण मशीनच्या खडखडाटात माझं कोण ऐकतंय?

महिना संपला. संध्याकाळी नर्सताई आल्या. माऊनं मला चादरीवर उपडी केलं. लालचा ढीग मोठा झाला. ताईंनी मोबाईलवर ड्युटीचा तक्ता काढला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"मावशी, इतके दिवस कुठे आली ती? पाच जास्त लावलेत."

"मी नाही लावले, ताई. पोरीनं टाकलीत बटणं. आपलं तसंच ठरलंय."

"पण माझ्या ड्युट्याच इतक्या नव्हत्या. मग मी खोटं बोलते का?"

"तसं मी कुठे म्हटलं? पण मग मी खोटं बोलते, असंच झालं की नाही?"

माऊचा आवाज बारीक झाला. ती चिडली की आवाज मोठा नाही होत, बारीक होतो. मशीन थांबलं. शिंपीकाका दारात येऊन म्हणाले, "अहो, बटणावरून कोट फाडू नका."

पण दोघी हट्टाला पेटल्या होत्या. ताईंनी पैसे काढून फळीवर ठेवले, सगळेच्या सगळे, पाच जास्तीचे धरून. "घ्या. उद्याचा दिवस येईल ती. परवापासून मी दुसरीकडे सोय बघते."

माऊ म्हणाली, "बघा."

एवढंच. बघा. आणि भिंगरीला हाताला धरून ताई गेल्या. माऊनं मला उचललं, बटणं डब्यात ओतली आणि मला कपाटाच्या वर ठेवून दिलं. "पुरे झाला तुझा हिशोब," म्हणाली. मला म्हणाली, मित्रांनो, मला! मला तर पुन्हा ते गंजके खिळे आठवले.

दुसऱ्या दिवशी भिंगरी आली ती भिंगरीसारखी नाही. हळू. फ्रॉकला पुढे सेफ्टी पिना लावलेल्या आणि मूठ घट्ट बंद. फळीकडे बघितलं, तर मी नाही. वर बघितलं, तर मी कपाटावर. माऊ आत ढब्बूचं नाक पुसत होती. भिंगरीनं स्टूल ओढलं. स्टुलावर उशी. उशीवर ती. आणि टाचा उंच करून तिनं माझ्या काठाला बोट लावलं.

मी कलले. आधी थोडी, मग जास्त. बुडबुड्यातलं इंद्रधनुष्य गरगरलं. मला वाटलं, संपलं. आणि शिंपीकाका, जे एरवी उठायला तीनदा 'अरे देवा' म्हणतात, ते गळ्यातल्या टेपसकट असे धावले की एका हातात पोर, दुसऱ्या हातात मी. स्टुलाची कड लागून माझ्या काठाची एक कपची उडाली, बाकी मी शाबूत.

"अगं भवाने," काका धापा टाकत म्हणाले, "काय हवंय तुला तिथे?"

भिंगरीनं मूठ उघडली. आत बटणं. तिच्या फ्रॉकची.

"फ्रॉकची का तोडलीस गं?"

"दिवसांसाठी," भिंगरी म्हणाली. "बटण टाकलं की माऊकडे दिवस असतो. मी खूप टाकणारे. म्हणजे मग खूप दिवस होतील."

काकांना आधी कळलं नाही. मग कळलं. "आणि लाल? लाल पण जास्त टाकली होतीस?"

"डब्यात होती ना," भिंगरी म्हणाली. "पण तरी दिवस कमीच येतायत. बरणी बिघडलीय का?"

काका खालीच बसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी. माऊ धावत आली, ऐकलं, आणि तिनं भिंगरीला असं कवटाळलं की त्यात सेफ्टी पिनाही टोचल्या असतील, पण कोणी कोणाला सोडलं नाही.

संध्याकाळी ताई आल्या त्या दारातच उभ्या. काका म्हणाले, "आत या, ताई. चोर सापडलाय. उंची माझ्या टेबलाएवढी आहे." भिंगरीनं तिचं सगळं शास्त्र आईला पुन्हा समजावून सांगितलं. ताई ऐकत होत्या. मग त्यांनी तोंडावर ओढणी धरली. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. मग खरंच थोडं रडल्या.

"मावशी, मी काय काय बोलले तुम्हाला."

"मीही 'बघा' म्हटलं की. रात्रभर तेच टोचत होतं."

मग तिघं चादरीवर बसली. काकांनी ड्युटीचा तक्ता कागदावर उतरवला, काल मोजली होती तितकी लाल बटणं डब्यातून काढली आणि भिंगरी ज्या ज्या दिवशी आली होती, त्या प्रत्येक दिवसावर एक लाल बटण ठेवलं. पाच उरली. माऊनं पाचांचे पैसे लगेच ताईंसमोर ठेवले.

ताई ते उचलणार, तेवढ्यात थांबल्या. "आणि मावशी, मी सकाळी सकाळी 'आज नाही' म्हटलं, ते दिवस? तुम्ही जागा ठेवलेली असायची तिची."

"जागाही आणि जेवणही," काका पोटावर हात फिरवत म्हणाले.

"जाऊ द्या हो," माऊ म्हणाली.

"का जाऊ द्या? दवाखान्यात माझी पाळी ऐनवेळी रद्द केली तर मी गप्प बसते का?"

आणि मग, मित्रांनो, भिंगरीच्या चुकीतूनच नियम निघाला. बटणं आधीच टाकायची. ताईंना आठवड्याच्या ड्युट्या कळल्या की तितकी लाल बटणं माझ्या शेजारच्या बशीत ठेवायची. ते ठरलेले दिवस. भिंगरी आली की बशीतलं बटण माझ्यात. दिवस बदलणार असेल तर आदल्या संध्याकाळपर्यंत सांगायचं, मग बटण बशीतून परत डब्यात, पैसे नाहीत. ऐनवेळी सांगितलं तर बटण बशीतच राहणार आणि त्याचे अर्धे पैसे. जास्तीचा दिवस आला तर डब्यातून थेट माझ्या पोटात.

"पण अर्धं बटण कसं करायचं?" माऊनं विचारलं.

"कात्री लावू देणार नाही," काका म्हणाले. "बशीत उरलेल्या दोन बटणांचं मिळून एक धरा."

गेल्या महिन्यात ऐनवेळचे दिवस दोन होते. म्हणून ताईंनी पाचातून चारांचेच पैसे उचलले. भिंगरीनं लगेच विचारलं, "मग परवा मी येणार?" ताईंनी तिच्या हातात लाल बटण दिलं. बशीत पडलं ते. टण् नाही, बशीचा आवाज जरा बोदा आहे, मी बोलत नाही तिला. पण तेव्हा तो आवाज मला गाण्यासारखा वाटला.

आता बाकीचे आईबापही तसंच करतात. बशीला थोडा माज चढलाय, पण चालायचंच.

म्हणून सांगते, घरात कोणी तुमच्यासाठी जागा ठेवत असेल, ताट मांडत असेल, तर येणार नसल्याचं वेळेवर सांगा. काचेपेक्षा माणसाच्या मनाची कपची लवकर उडते. आणि मला धुवाल तेव्हा दोन्ही हातांनी धरा, कपचीची बाजू भिंतीकडे करा. मी म्हातारी असले तरी दिसायचं नीटच आहे मला.

भिंगरी आता शाळेत जाते. माऊकडे ठेवायची तिला गरज नाही. पण कधीतरी शाळा सुटल्यावर ती दप्तरासकट धडकते, डब्यातून लाल बटण शोधते आणि माझ्यात टाकते. महिनाअखेर मी चादरीवर उपडी होते, तेव्हा माऊ ती लाल बटणं बाजूला काढते, पदराला पुसते आणि परत माझ्याच पोटात ठेवते.

त्या दिवसांचे पैसे ती कोणालाच लावत नाही.