फेरचाचणी, सकाळी अकरा

"हातच. डोक्याला लावायचं नाही, सांगितलंय ना," हेल्मेट घातलेला एकजण दुसऱ्याला म्हणाला.

दुसऱ्याने नानांच्या पाठीत गुडघा रोवला आणि त्यांचे दोन्ही हात दाराच्या लोखंडी पट्टीवर ताणून धरले. पहिल्याने शटर वरपर्यंत चढवलं आणि सोडून दिलं.

सकाळचे सात वाजले होते. नाना अग्निशमन खात्याचे भांडारपाल. सव्वीस वर्षं रोज हेच शटर उघडलेलं, त्याचं वजन त्यांना पाठ होतं. तरी ते पडलं तेव्हा आवाज आधी आला, दुखणं मागून.

"अजून एकदा."

दुसऱ्या वेळी मनगट मोडल्याचं त्यांना ऐकूही आलं. जाताना एकाने त्यांचा पडलेला चष्मा उचलला, फुंकर मारली आणि त्यांच्या नाकावर बसवला.

"काका, डोळे सांभाळा."

*रकाना १. वादाचा विषय थोडक्यात लिहा.*

आग विझवायच्या दोनशे नळ्या. नानांनी दाबाखाली तपासल्या आणि नापास केल्या. पुरवठादाराने हरकत घेतली की चाचणी भलत्यानेच केली, भांडारपालाने बसल्या जागी सही ठोकली. खात्याच्या खरेदी समितीने हुकूम काढला: ज्याने नापास केलं त्यानेच सगळ्यांसमोर पंपाचा व्हॉल्व्ह फिरवावा, चिठ्ठ्या टाकून काढलेल्या पाच नळ्या तपासाव्यात. दाबाचा काटा एकवीसवर, तीन मिनिटं. एक जरी फुटली तरी सगळा माल परत. तपासनीस अकराला आला नाही किंवा त्याला व्हॉल्व्ह फिरवता आला नाही, तर सगळा माल मंजूर.

म्हणून हात.

*रकाना २. तपासनिसाचा पुरवठादाराशी पूर्वी संबंध आला आहे काय?*

आला आहे. चार वर्षांपूर्वी हाच पुरवठादार, हीच हरकत, अशीच फेरचाचणी. त्या दिवशी नाना तापाने घरी पडून होते. माल मंजूर झाला.

सात महिन्यांनी रंगाच्या गोदामाला आग लागली. नळीच्या तोंडाचं पितळी कपलिंग सुटलं आणि मोकाट नळीने ते गरागरा फिरवून, नळी धरून उभ्या असलेल्या जवानाच्या जबड्यावर हाणलं. एकदा नाही, तीनदा. पाणी बंद होईपर्यंत. सहा दात वाळूत सापडले.

तो जवान नानांचा धाकटा भाऊ. अजून एकाच बाजूने चावतो.

*रकाना ३. तपासनीस गैरहजर असल्यास कारण.*

"प्लास्टर ओलं आहे. हलायचं नाही," डॉक्टर बजावून गेला.

"ऐकलंत?" बायको म्हणाली. तिच्या पदराला रक्त लागलं होतं. "हात गेले, आता मान द्यायला निघालात? अहो, तुमच्या नळ्या म्हणजे काय माझ्या सवती आहेत का? दोनशे!"

"किती वाजले?"

"वाजू देत बारा! पोलिसांत चला आधी."

"अकरानंतर जाऊ."

धाकटा दारात गाडीची किल्ली घेऊन उभा होता. वहिनीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने नजर खाली घातली. पण किल्ली खिशात घातली नाही. शेवटी तिनेच नवऱ्याच्या अंगावर शर्ट पांघरला. बाह्या प्लास्टरवरून जात नव्हत्या.

धाकट्याने गाडी अग्निशमन केंद्राच्या रस्त्याला लावली.

"तेव्हा मला ताप नव्हता," नाना म्हणाले. "पुरवठादाराकडून फोन आला होता. घरी बसा म्हणाले. मी बसलो."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"दादा, वहिनीला खोटं बोलता येतं का कधी?" धाकट्याने गाडी कडेला घेतली आणि मुठीने दाराची काच फोडली. मग हाताला रुमाल गुंडाळला, गियर टाकला. "चार वर्षं वाट बघतोय, तू कधी सांगशील म्हणून. आज वेळ सापडली होय तुला?"

*रकाना ४. चाचणीचा तपशील.*

पुरवठादार पांढरे बूट घालून आवारात उभा होता.

"अरेरे, नाना! पडलात की काय?"

"शटर पडलं."

"या वयात जपावं माणसाने." तो समितीच्या अध्यक्षबाईंकडे वळला. "बाई, हे आता फिरवणार कसे? मी काही म्हणत नाही, तुमचा हुकूमच म्हणतो."

बाईंनी प्लास्टरकडे पाहिलं. "नाना, स्वतःच फिरवावा लागेल. दुसऱ्याचं बोटही लागता कामा नये. जमेल?"

नाना चिखलात फतकल मारून बसले. व्हॉल्व्हचं चाक गुडघ्याच्या उंचीवर होतं.

"धाकट्या, बूट काढ माझे."

त्यांनी पायांच्या दोन्ही तळव्यांत चाक पकडलं.

"हे काय, सर्कस आहे का?" पुरवठादार ओरडला.

"सर्कशीला हुकुमात मनाई नाही," बाई म्हणाल्या. "करा सुरू."

पहिली नळी टिकली. दुसरीही. चाकाच्या कडेने तळवे कापले आणि चाक निसटायला लागलं. नानांनी पाय चिखलात घासले, पुन्हा पकडलं. तिसरी टिकली. चौथी टिकली.

"जेवायला येतोच," पुरवठादार फोनवर कोणाला तरी म्हणाला.

पाचवी. काटा एकवीसवर पोचला. एक मिनिट. दोन. मग शिवण उसवल्यासारखी नळी हातभर फाटली आणि झटक्यात कपलिंगमधून सुटली. तिने आधी कचेरीची खिडकी फोडली, मग माघारी येऊन बसलेल्या नानांच्या खांद्यावर आपटली. ते आडवे झाले. सगळे पळाले. धाकटा मात्र उलटा धावला आणि छातीवर नळी दाबत तिच्यावर पडला. तिने त्याला दोनदा उचलून आपटलं.

"दादा, बंद कर!"

पाठीवर पडल्या पडल्या नानांनी पायांनी चाक शोधलं. निसटलं. पुन्हा शोधलं. एक फेरा, दोन फेरे, तीन. नळी धाकट्याच्या अंगाखाली हळूहळू मेली.

"काटा?" नानांनी विचारलं.

"एकवीस," बाई घड्याळ बघत म्हणाल्या. "दोन मिनिटं चाळीस सेकंद."

पांढरे बूट आता पांढरे नव्हते. "वर दाद मागेन मी! पायाने केलेली चाचणी टिकते का बघतो."

"मागा," बाई म्हणाल्या. "तोवर माल उचला."

*रकाना ५. तपासनिसाची स्वाक्षरी.*

प्लास्टरबाहेर आलेली बोटं निळी पडली होती. पेन दोनदा गळून पडलं. हातांचे अंगठे आत गाडलेले.

"पायाचा चालतो," बाई हळूच म्हणाल्या.

धाकट्याने शर्टाच्या टोकाने चिखल पुसला, रक्त पुसलं. अंगठ्याला शाई लावली. नाना पाय मागे ओढत राहिले.

"फाइलवर पाय कसा ठेवू रे?"

"दे इकडे."

त्याने दादाचा पाय मांडीवर घेतला, फाइल उचलून अंगठ्याला टेकवली आणि दाबली.

"सरळ आला का?"

"जरा तिरका आलाय."

"चालेल."

बाईंनी शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं: डाव्या पायाचा अंगठा, माझ्यासमक्ष. फाइल बंद झाली, माणसं पांगली, फुटलेल्या खिडकीखालच्या काचा कोणीतरी झाडायला लागलं. धाकट्याने पाय अजून खाली ठेवला नव्हता.